चौदा नंबरला कोणी राहत नाही

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास गृहनिर्माण मंडळाचे पाहणी अधिकारी खैरनार चौदा नंबरच्या गाळ्यासमोर उभे राहिले. दाराला कुलूप होतं. त्यांनी कडी वाजवली, थोडं थांबून पुन्हा वाजवली. शेजारच्या दारातून एका बाईनं डोकं बाहेर काढलं आणि त्यांनी काही विचारायच्या आतच सांगून टाकलं, "तिथं कोणी राहत नाय. केव्हाच सोडून गेले." खैरनारांनी ते लिहून घेतलं आणि जीपमध्ये बसून ते निघून गेले.

चौदा नंबरची नवसाबाई तेव्हा गोदाकाठच्या फुलबाजारात एका व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसून झेंडूचे हार ओवत होती. २००२ सालचा मे महिना होता आणि लग्नसराईमुळे मान वर करायला फुरसत नव्हती.

संध्याकाळी ती गल्लीत शिरली तेव्हा शेजारची बायडाबाई पायरीवर तिची वाटच पाहत होती.

"नवसाबाई, आज तुझ्याकडं चहा लागला माझा."

"कशाचा गं?"

"मंडळाचा माणूस आला व्हता. नवाच हाय, चष्मेवाला. असा पिटाळला, आता या गल्लीचं नाव नाय काढायचा."

नवसाबाईनं कुलपात घातलेली किल्ली तशीच राहिली. "काय सांगितलंस त्याला?"

"तूच शिकवलेलं. कोणी राहत नाय, केव्हाच सोडून गेले." बायडाबाई पदर तोंडाला लावून हसली. "आन् वर म्हनले, मेली का जिती तेबी ठावं नाय."

वाक्य नवसाबाईचंच होतं, शेवटची भर तेवढी बायडाबाईची. एक्याण्णव साली सोडतीत तिच्या नवऱ्याच्या, सावळीरामच्या, नावानं हा गाळा लागला, तेव्हा तो सातपूरच्या एका कारखान्यात होता. पुढे कारखाना बंद पडला, मंडळाचे हप्ते थकले, आणि थकलेल्या हप्त्यांवर दंड चढत असतानाच सावळीराम गेला. वसुलीचा माणूस दारात येऊ लागला. तेव्हा नवसाबाईनं युक्ती काढली. बायडाबाईनं बाहेरून कुलूप लावायचं, नवसाबाईनं आत मुकाट बसायचं आणि विचारणाऱ्याला हे एवढंच सांगायचं.

ही युक्ती हळूहळू सगळ्या गल्लीची झाली. बाकीच्यांचं कारण वेगळं होतं. मूळ मालकांनी आपापले गाळे मुखत्यारपत्रावर विकून टाकले होते, आणि आता राहणाऱ्यांचा मंडळाच्या दप्तरी पत्ताच नव्हता. कोपऱ्यावर जीप दिसली की पहिल्या घरातून शीळ यायची, पटापट कुलपं लागायची आणि माणसं आत श्वास धरून बसायची. जीप गेली की कुलपं निघायची आणि सगळी गल्ली एकमेकांकडे बघून हसायची. त्या हसण्यात नवसाबाईही असायची. पण अख्ख्या गल्लीत स्वतःच्या घरात कागदोपत्री राहणारी ती एकटीच होती.

"त्याला मीच बोलावला व्हता," नवसाबाई म्हणाली.

बायडाबाईचं हसू थांबलं. "तू?"

मंडळानं त्या वर्षी एक सवलत काढली होती. घरधनी वारला असेल आणि हप्ते थकले असतील तर दंड माफ, उरलेल्या हप्त्यांना मुदत वाढवून. अट एकच होती: कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. मंडळाचा माणूस न कळवता येऊन डोळ्यांनी बघणार. राहत नसेल तर गाळा परत. नवसाबाईनं अर्ज केला आणि गल्लीत कुणाला त्याचा सुगावा लागू दिला नाही. मंडळाच्या माणसाला हिनंच गल्ली दाखवली, असं कुणी म्हणू नये म्हणून.

"आगं मग सांगायचं ना मला!" बायडाबाई म्हणाली. जरा वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "आन् तो आमच्याबी घरात डोकावला असता म्हंजे?"

नवसाबाईनं किल्ली फिरवून कुलूप काढलं. चहाचं दोघींनीही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार बुडवून ती मंडळाच्या कचेरीत गेली. खैरनारांनी तिला बसायला सांगितलं.

"बाई, कुलूप मी डोळ्यांनी बघितलंय आणि शेजारणीचं कानांनी ऐकलंय. आता मी काय करू?"

"साहेब, मी हार ओवायला जाते. दिवसा घरी कशी असेन?"

"मग ती असं का म्हणाली? भांडण आहे का तुमचं?"

"नाय. लय जीव हाय तिचा माझ्यावर."

खैरनारांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढच्या बुधवारी पुन्हा येतो. घरी थांबा. आणि दोन शेजारी उभे करा. तुम्ही इथंच राहता असं त्यांनी माझ्यासमोर सांगायचं. पण ते स्वतः तिथले राहणारे पाहिजेत, पुराव्यासकट. एवढं झालं तर मागची नोंद मी बदलतो."

त्या संध्याकाळी ती आधी समोरच्या मल्हारीकडे गेली. मल्हारी रिक्षा चालवायचा. सावळीरामच्या तिरडीला पहिला खांदा त्यानंच दिला होता.

"मावशी, दहादा सांगितलं असतं," तो म्हणाला. "पन मी इथं राहतच नाय ना! माझं रेशनकार्ड अजून हरसूलला हाय. पलीकडचाबी कार्डावर सटाण्यालाच राहतो. कागदावर बघशील तर या गल्लीत तू एकटी, आन् बाकी सगळी भुतं." तो हसला. ती हसली नाही, तसा मान खाली घालून रिक्षाची काच पुसायला लागला.

बायडाबाईनं दार उघडलं, पण उंबऱ्यातून आत ये म्हणाली नाही. तिचे डोळे सुजलेले होते. "माझ्या धन्यानं शेत इकून हे घर घेतलंय, नवसा. मी साक्षीला उभी राहिले तर तो पहिला माझाच कागद मागंल."

"मला ठावं हाय," नवसाबाई म्हणाली.

कोपऱ्यावरच्या बूथवरून तिनं दिंडोरीला लेकीला, साधनाला, फोन लावला. साधना म्हणाली, "आई, चार दिवस ये ना इकडं. जरा बरं वाटंल तुला." चार दिवसांच्या पुढचं ती काही बोलली नाही. नवसाबाईनंही विचारलं नाही.

बुधवारी ती पहाटेच उठली. व्यापाऱ्याकडून आदल्या दिवशीच शेवंतीची पाटी घरी आणून ठेवली होती. तिनं दार सताड उघडलं. दोरीवर धुणं वाळत घातलं, सावळीरामचा जुना सदराही धुऊन घातला. चुलीपाशी भांडी मांडली, गादी दिसेल अशी ठेवली. आपण इथं राहतो हे कुणाला दाखवायचं तर आणखी काय करायचं, ते तिला सुचेना. मग ती उंबऱ्यात बसून हार ओवू लागली.

खैरनार येणार हे गल्लीला ठाऊकच होतं, त्यामुळे या खेपेला शिळेची वाट कुणी पाहिली नाही. नऊ वाजायच्या आधी एकेक कुलूप लागलं. मल्हारी रिक्षा घेऊन निघून गेला. बायडाबाईच्या पोरानं बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली नवसाबाईच्या हातात दिली. "आई आत हाय. तो गेला की उघड म्हनली."

जीप आली तेव्हा गल्लीत एकच दार उघडं होतं.

खैरनारांनी घर पाहिलं. धुणं पाहिलं, शेवंतीची पाटी पाहिली, भिंतीवरचा सावळीरामचा फोटो पाहिला. "ठीक आहे," ते म्हणाले. "शेजारी कुठे आहेत?"

"कामाला गेले."

"दोघांपैकी एकही नाही?"

तेवढ्यात बायडाबाईच्या कुलूपबंद घरात कुकरची शिट्टी झाली. दुसरी होता होता अर्ध्यावरच दबली. कुणीतरी घाईनं स्टोव्ह बंद केला असावा.

खैरनारांनी त्या कुलपाकडे पाहिलं, मग नवसाबाईकडे. गेल्या बुधवारी त्याच दारातून एका बाईनं डोकं बाहेर काढलं होतं, हे ते विसरले नव्हते.

"इथे कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

किल्ली नवसाबाईच्या मुठीत होती. दार उघडलं असतं तर एक साक्षीदार तिथंच उभी होती.

"तिथं कोणी राहत नाय," नवसाबाई म्हणाली.

खैरनारांनी पेनचं टोपण काढलं. मग पायरीवर कागद ठेवून त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि तिचा अंगठा घेतला. काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. जीप गेल्यावर तिनं बायडाबाईचं कुलूप काढलं. बायडाबाई बाहेर आली नाही. अंधार पडायच्या बेताला नवसाबाईला आपल्या दाराशी झाकलेल्या ताटात वरणभात ठेवलेला मिळाला. त्या दिवशी गल्लीत कुणी हसलं नाही.

नवसाबाई पुन्हा बाजारात जाऊ लागली आहे. जाताना ती आता दाराला कुलूप लावत नाही, नुसती कडी घालते. जून संपला तरी मंडळाकडून काही कळलेलं नाही. चौकशीला गेली तेव्हा खैरनारांची बदली झाल्याचं तिला सांगण्यात आलं. अर्ज विचाराधीन आहे.