खिंडीखालची उत्तरपूजा

नीलनिष्ठुर आकाश. त्याखाली तृणशुष्क, ताम्रवर्णी, शब्दशून्य पठार. बोलिव्हियाच्या त्या उंचीवर सकाळ उगवत नाही, अंगावर येते. सूर्य सोन्याचा, पण ऊब पितळेचीसुद्धा नाही. आणि वारा असा, जणू माणसांबद्दल कुणीतरी त्याचे कान आधीच भरून ठेवलेले.

हिमशिखरं रांगेने उभी होती; शुभ्र, शांत, आणि लग्नात रुसलेल्या मानकऱ्यांसारखी तोंड फिरवून.

त्या हिमशुभ्र दुस्वासाखालून शाल्मली चालत होती. मागे थोडं अंतर राखून हेमलताबाई चालत होत्या. हेमलताबाई तिच्या सासूबाई. म्हणजे गेल्या वैशाखापर्यंत होत्या.

सहल नवरा-बायकोच्या नावाने घटस्फोटाआधी बुक झालेली. स्वस्तातली, रद्द केली तर दमडी परत नाही, नाव मात्र बदलून मिळे. नवऱ्याने आपल्या जागी आईचं नाव घातलं. फुकट काही घालवायचं नाही, हा त्या घराण्याचा कुलाचार. आणि स्वस्त सहलीचा नियम असा, की दोघींत एक तंबू. एक परतली, की दुसरीनेही परतायचं.

शाल्मलीला फक्त खिंड हवी होती. पलीकडे जायचं होतं, बस्स. तिने सुरू केलेली प्रत्येक गोष्ट त्या घराने अर्ध्यावरून माघारी आणली होती. कथक. नोकरी. एकदा तर महाबळेश्वर, वाईपासून.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी दगडांची एक रास होती. वातविदीर्ण, शेवाळपिवळी, शतकांच्या हातांनी रचलेली. तिथे सगळे टेकले, पाणी प्याले, निघाले. जरा वर गेल्यावर, सामानाचे लामा, म्हणजे लांब मानेची लोकरी जनावरं, हाकणारी बासिलिया एकाएकी थांबली. लामाही थांबले. तिने शाल्मलीच्या सॅककडे बोट दाखवलं. बाजूच्या कप्प्यातून एक काळा, गुळगुळीत, वाटोळा दगड डोकावत होता. त्याला कुंकू लावलेलं होतं.

बासिलिया वाटेतच बसली.

"ती रास म्हणजे लोकांचा शीण आहे, काकू," टूर मॅनेजर तन्मयने भाषांतर केलं. "खालून दगड आणायचा, थकवा त्यात ठेवायचा, पुढे जायचं. तुम्ही कुणाचा तरी थकवा उचलून आणलात. ती म्हणते, तो परत ठेवा, नाहीतर दोघी खाली."

"थकवा कसला?" हेमलताबाई म्हणाल्या. "स्वयंभू आहे तो. देव्हाऱ्यात बसवणार आहे मी."

"मग माझ्या सॅकमध्ये का कोंबलात?" शाल्मली म्हणाली.

"माझे गुडघे दुखतात."

शाल्मली दगड घेऊन उतरू लागली. मागून आवाज आला, "खबरदार! पूजलेला देव असा टाकतात? उत्तरपूजा हवी!"

"मला काढलंत तेव्हा कुठे केलीत उत्तरपूजा?"

"तू कुठे देव होतीस?"

वारा क्षणभर थांबला. त्यालाही ऐकायचं असावं.

मग गारा आल्या. मौक्तिकशुभ्र, मौक्तिकगोल, आणि डोक्यात बसल्या की मोत्यांशी काहीएक संबंध नसलेल्या. त्या वर्षावात, त्या शिणाच्या राशीपाशी, उत्तरपूजा झाली. अक्षता खिचडीच्या तयार पाकिटातल्या, मुगाच्या डाळीसकट. हळद आधीच लावलेली. नैवेद्य चिक्कीचा. बासिलियाने कोकाची पानं वाहिली आणि बाटलीतून दारूचे थेंब शिंपडले; हेमलताबाईंनी ते गोमूत्र मानायचं ठरवलं. तन्मयने हात जोडले, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

"आता हलव त्याला. किंचितसा. म्हणजे देवपण जातं."

"बसवलात तुम्ही, हलवा तुम्ही."

"वाकवत नाही."

शाल्मलीने एका बोटाने दगड सरकवला. इतकंसं सरकणं. कुंकवाची एक रक्तरेखा दगडावरून ओघळली, गारांच्या पाण्यात गुलाबी झाली, फिकी झाली, नाहीशी झाली. काळा दगड राखी दगडांत मिसळला. ती बघत राहिली.

सॅक हलकी झाली नाही. दगड तसा लहानच होता.

चढ सुरू झाला. पाऊल, दम, पाऊल, दम. धुक्याने आधी शिखरं गिळली, मग लामा, मग वाट. खिंड हाकेच्या अंतरावर आली आणि हेमलताबाई एका खडकावर बसल्या.

"उठा."

"नाही उठत."

"मुद्दाम करताय तुम्ही."

"हो," हेमलताबाई म्हणाल्या. अगदी शांतपणे, दूध उतू गेल्याचं सांगावं तसं.

शाल्मलीला वाई आठवली. तिने सॅकचा पट्टा आवळला. मग ती शेजारच्या खडकावर बसली.

"बरं. खाली जाऊ. तुम्ही आणि मी. एकच तंबू. बाकीचे डोंगराला वळसा घालून येईपर्यंत. गप्पा मारू."

हेमलताबाईंनी खाली पाहिलं. निर्जन, निर्मम, निळसर दरी. त्या दरीत एक तंबू. त्या तंबूत ही.

त्या उठल्या. इतक्या चटकन उठल्या, की गुडघ्यांना दुखायला वेळच मिळाला नाही.

खिंडीत काहीच नव्हतं. ना शिखर, ना दरी, ना आभाळ. नुसतं पांढरं. शाल्मलीने एक पाय पलीकडे टाकला. मग दुसरा.

"हेच होय?" हेमलताबाई धापा टाकत म्हणाल्या.

"हेच."

दोघी उभ्या राहिल्या, एकमेकींकडे पाठ करून, दोन वेगळ्या दिशांचं तेच पांढरं बघत. दोघींच्या श्वासांची वाफ निघत राहिली. वर गेली, वाऱ्यात वळली, आणि कुणाचीही परवानगी न घेता एकमेकींत मिसळून, हळू, हळू, पलीकडच्या उताराला लागली.