डेगेडेगेचं पीस

मिकोकोनी गावचा शुक्रवारचा बाजार भरला होता, पण सुक्या मासळीकडे माश्या सोडल्या तर कुणी फिरकत नव्हतं. नारळवाल्या बायका नारळ टाकून, शिंपी शिवणयंत्र उघडं ठेवून, सगळं गाव आंब्याखाली लिकुंगूबाबाभोवती कोंडाळं करून उभं होतं. मधे चटईवर चार वर्षांचा चांदे पडला होता. डोळे पांढरे, दात आवळलेले, हातपाय झटकत होते. त्याची आई सिकुधानी त्याच्या पायाशी बसून रडत होती.

"रडू नकोस, पोरी! डोळे वर का गेले? पक्षी वर उडू बघतोय! दात का आवळले? चोचीत दाणा धरलाय! पण लिकुंगूच्या तावडीतून आजवर एक पक्षी सुटलेला नाही. अजून घरट्यात आहे तो. थांबा, त्याला जरा माझा वास येऊ द्या!" बाबा गरजला.

आमच्या किनाऱ्यावर तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, की पोराला असे झटके आले म्हणजे डेगेडेगे नावाच्या पक्ष्याची सावली त्याच्यावर पडली. सावली काढणारे बाबाही मग ओघानंच आले.

बाबाने गाईचं शिंग निखाऱ्यांवर धरून शेकलं. "जागा हो, जागा हो," असं त्याच्याशी बोलला. पोराच्या मानेमागे पात्याने दोन बारीक चिरा दिल्या, शिंगाचं रुंद तोंड त्यावर टेकवलं आणि टोकाच्या भोकातून गाल खोल जाईस्तोवर ओढू लागला. मग शिंग उचलून दगडावर ठक्कन आपटलं. रक्ताच्या गुठळीबरोबर एक ठिपक्याठिपक्यांचं पीस बाहेर पडलं. जरा वेळाने पोराचे हातपाय सैल पडले. त्याने लांब श्वास सोडला आणि तो झोपी गेला. बायकांनी अशी काही किलकारी मारली, की आंब्यावरचे कावळे उडाले.

मी आरोग्य केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर, मौलिदी. लशींचा डबा घेऊन आम्ही नुकतेच पोचलो होतो. शेजारी सिस्टर स्कोला मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

"सव्वातीन मिनिटं," ती म्हणाली.

"काय सव्वातीन?"

"आपण आल्यापासून झटका सव्वातीन मिनिटं टिकला. तापातले बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपले आपणच थांबतात. यानं दोन मिनिटं नुसती तोंडाची वाफ दवडली. वेळ काढत होता, मौलिदी. थांबायच्या बेताला आलं की शिंग लावायचं."

ती गर्दीत घुसली आणि पोराच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, अंग भाजतंय याचं. दवाखान्यात चल. बोटातून एक थेंब रक्त घेते, मलेरिया आहे का ते कळेल."

"आली! सुईवाली आली!" बाबा हसला. "अगं सिस्टर, डेगेडेगेचं पोर म्हणजे वाऱ्यानं भरलेला फुगा. तू टोचशील आणि फट्ट!"

लोक खो खो हसले. सिकुधानीची सासू सोमोए तर पदर खोचूनच पुढे आली. सत्तरीची बाई, आवाज मशिदीच्या भोंग्यापेक्षा मोठा. "आमच्या पोराला सुई लागणार नाही. या मौलिदीलाच विचार ना, त्याच्या भावाची पोर कशी गेली ते. सुई टोचली, दहा मिनिटांत खलास!"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

माझी पुतणी झुहुरा पावसाळ्यात गेली. सिस्टरने इंजेक्शन दिल्यावर दहाच मिनिटांत गेली, हे खोटं नव्हतं. मी दवाखान्याच्या दारातच उभा होतो. त्या दिवसापासून माझा भाऊ हेमेदी दवाखान्याच्या रस्त्यानेसुद्धा जात नसे, आणि खरं सांगायचं तर मीही चार महिने ज्या बाईची गाडी चालवत होतो तिच्याकडे चोरट्या नजरेने बघत होतो. म्हणून त्या शुक्रवारी माझी जीभ उचलली नाही. या गोष्टीत मी कुणाला मूर्ख म्हणेन, तेव्हा पहिलं नाव माझं धरा.

शनिवारी दुपारी सिस्टर म्हणाली, "गाडी काढ. ते पोर अजून बाबाच्याच अंगणात आहे म्हणे. तीन दिवस धुरी द्यायची आहे."

"बोलावलंय कुणी आपल्याला?"

"नाही."

अंगणात हत्तीच्या शेणाचा धूर इतका कोंडला होता, की धडधाकट माणसालाही ठसका लागावा. चांदे पुन्हा ताठ झाला होता. तोंडाला फेस. सिस्टरने एकच विचारलं, "कधीपासून?"

"दुपारची अजान सुरू झाली तेव्हापासून," सिकुधानी म्हणाली.

सिस्टरने घड्याळ बघितलं. अजान होऊन बारा मिनिटं झाली होती.

चटईवर दोन पिसं पडलेली होती. बाबा तिसऱ्यांदा शिंग शेकत होता, आणि शुक्रवारची ऐट आता कपाळावरच्या घामातून गळत होती. त्याने ओढलं, आपटलं. तिसरं पीस पडलं. पोर झटके देतच राहिलं.

"बाबा," सिकुधानी म्हणाली. तिचं रडणं थांबलं होतं. "पीस निघालं ना? मग हा थांबत का नाही?"

"हा... हा पक्षी जोडीनं आलाय. नर काल काढला. ही मादी. मादी चिवट असते."

"तीन पिसं निघाली की तिची."

"अंडी घातलीत तिनं!"

"अंडी?" सोमोए आजीचं तोंड उघडंच राहिलं. "कुठे घातली अंडी?"

"डोक्यात."

"डोक्यात?" आजी पुढे झाली. "अरे, मी नऊ पोरं वाढवली आणि शंभर कोंबड्या. अंडी घालणारी मादी एका जागी गप बसते. अशी पिसं झाडत फिरत नाही!"

बाबा कुठला तरी नवा पक्षी शोधत होता. सिकुधानीने त्याची वाट पाहिली नाही. तिने पोर उचललं आणि सरळ गाडीच्या मागच्या दारात आणून ठेवलं. मागोमाग आजीही शिव्या देत चढली. शिव्या कुणाला होत्या, ते त्या घडीला तिलाही ठाऊक नसावं.

सिस्टरने पोराला कुशीवर वळवलं, फेस पुसला, तोंडात कुणी चमचा घालायला निघालं, त्याचा हात बाजूला सारला. मग बारीक नळीने झटक्याचं औषध गुदद्वारातून दिलं.

"ही सुई आहे का?" आजी किंचाळली.

"नाही, आजी. बघा, टोक कुठे आहे?"

थोड्याच मिनिटांत पोर सैल पडलं. सिस्टरने त्याच्या जिभेखाली ओली साखर ठेवली, कारण अशा तापात रक्तातली साखर उतरते आणि तेवढ्यानेही पोर जातं. बोटातून एक थेंब रक्त घेऊन पट्टीवर टाकलं. दोन रेघा उमटल्या. मलेरिया, तोही डोक्यात चढू लागलेला.

"आता सुई," सिस्टर म्हणाली. "इथे पहिली, बाकीच्या मोठ्या इस्पितळात. दोन तासांचा रस्ता आहे. न देता निघाले तर पोर तिथवर टिकेल असं मला वाटत नाही. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय टोचणार नाही."

सिकुधानी सासूकडे बघू लागली. सासू माझ्याकडे. "तू सांग, मौलिदी. तुझ्या डोळ्यांदेखत गेली ना ती?"

मग मी बोललो. चार महिने जे मनातल्या मनातही धड मोजलं नव्हतं, ते मोठ्याने मोजलं.

"हो आजी, सुईनंतर दहा मिनिटांत गेली. पण मी तिला आणली कधी, ते कुणी विचारलंच नाही. सोमवारी झटका आला. मंगळवारी शिंग लावलं. बुधवारी धुरी. गुरुवारी तिला मांडीवर घेतली तेव्हा तिची मान लोंबत होती, डोळा उघडला तरी बुबुळ हलत नव्हतं. तीन दिवस बाबानं खाल्ले आणि नाव त्या दहा मिनिटांचं झालं. आग लागलेल्या घरावर शेवटच्या घटकेला कुणी पाण्याची बादली ओतली, तर घर पाण्यानं जळालं म्हणायचं का?"

गाडीत चांदेचा श्वास तेवढा घरघरत होता.

"टोच," सिकुधानी म्हणाली.

मी आयुष्यात गाडी इतकी जोरात हाकली नव्हती. नदीवरच्या लाकडी पुलावर आजीने माझी मान धरली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चांदेने डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि भात-मासा मागितला. मासा नव्हता म्हणून रुसलाही. त्या रुसव्यावर सिकुधानी जी रडली, तशी ती आंब्याखालीही रडली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी बाबा आंब्याखाली हजर. लाजेचं आणि त्याचं कधी पटलंच नव्हतं. लोकांना सांगू लागला, "पोर वाचलं ना? कुणामुळे? मी पक्षी आधी काढला होता म्हणून सुई पचली!"

"थांब," भोंगा वाजला. सोमोए आजी चहावाल्याच्या चुलीवरची किटली घेऊन आली. दुसऱ्या हातात शिंग. शनिवारच्या धांदलीत तिने ते कमरेला गुंडाळलेल्या कांगाच्या, म्हणजे रंगीत कापडाच्या, ओच्यात घातलं होतं, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. ज्याला ती पाच दिवस अपशकुन समजून हात लावत नव्हती, तेच तिने आदल्या दिवशी सुरीने खरवडून पाहिलं होतं.

"आई, ते दे! भस्म होशील!" बाबा ओरडला.

"सत्तर वर्षं झाली नाही, आता होईन?" आजीने उकळतं पाणी शिंगात ओतलं. मेणाचा वास सुटला. तिने शिंग थाळीत उलटं करून दगडावर आपटलं, ठक्कन, अगदी त्याच्यासारखं. पिवळट मेणाबरोबर चार पिसं थाळीत पडली.

आता सगळं कोवळ्या पोरालाही दिसत होतं. शिंगाच्या निमुळत्या भागात पिसं आधीच कोंबलेली, भोकाच्या बाजूला वाट ठेवून वरून मेणाचं लिंपण. निखाऱ्यावर शेकायचं ते पक्षी जागवायला नाही, मेण पातळ करायला. मग ओढायचं, आपटायचं, की एक पीस खाली.

तीन पिसं ठिपक्यांची होती, बाबाच्या अंगणातल्या गिनी कोंबड्यांची. चौथं तांबडं होतं, टोकाला पांढरं. आजीने ते चिमटीत धरून उजेडात पाहिलं आणि तिचा आवाज असा चढला, की खाडीतल्या होडीवाल्यांनीही ऐकला असेल.

"ही तर माझीच कोंबडी! याला दक्षिणा म्हणून दिलेली! अरे चोरा, माझी कोंबडी खाऊन तिचंच पीस माझ्या नातवाच्या डोक्यातून काढणार होतास?"

त्यानंतर बाजारात जे हसू फुटलं, त्यापुढे बाबाचा टिकाव लागला नाही. कुणी हात उगारला नाही. त्याची गरजच नव्हती. तो निघून गेला. आता पलीकडच्या खाडीवर मूल न होणाऱ्या बायकांच्या पोटातून पाली काढतो म्हणे. धंदा तोच, प्राणी बदलला.

गर्दी पांगल्यावर हेमेदी माझ्यापाशी आला. थाळीतल्या मेणावर त्याने बोट फिरवलं. "म्हणजे सुईनं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"सोमवारीच आणली असती तर?"

सिस्टर स्कोला जवळ आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जगली असती की नाही, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, हेमेदी. पण तिला संधी मिळाली असती." लिकुंगूबाबाने आजवर एवढं प्रामाणिक वाक्य कधी उच्चारलं नसेल. हेमेदी तिथेच खाली बसला.

मी डॉक्टर नाही, गाडी हाकतो. तरी एवढं सांगतो. पोराला झटका आला तर कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, आणि सुरू कधी झाला, थांबला कधी, ते बघा. कुणी चमत्कार दाखवला तर तो न करता काय झालं असतं, हे विचारा. विचारल्याने खरं औषध बिघडत नाही, फक्त खोटं उघडं पडतं. आणि गरोदर बाईला रक्त जाऊ लागलं, तान्हं दूध ओढेना, पोर तापाने ताठ झालं, तर बाबाकडे तीन दिवस घालवून मग आम्हाला दोष देऊ नका. पहिल्या तासाला हाक मारा. पूल मोडका आहे, रस्ता खड्ड्यांचा आहे, पण त्या वेळी निघालो तर आम्ही पोचतो.