नरहरीभाऊंचं ताट

मित्रांनो, ताटाला जगाची एकच बाजू दिसते, ती म्हणजे वरची. वाकलेला चेहरा, उतरणारा हात आणि त्यांच्यामागे घराचे वासे. एवढ्या भांडवलावर मला माझी गोष्ट सांगायची आहे, तेव्हा सांभाळून घ्या. मी सांडोरच्या केळीच्या वाडीतल्या एका घरातलं काशाचं ताट आहे. जुनं आहे, जड आहे आणि खरं सांगायचं तर एके काळी बरंच गर्विष्ठही होतं. आता त्या गर्वातलं काही उरलेलं नाही.

तांबं आणि कथील एकत्र वितळवून एका म्हाताऱ्या कासाराने मला घडवलं. ठोकून ठोकून माझी कड उभी केली आणि शेवटी टिचकी मारून पाहिली, तेव्हा मी असा काही सूर लावला की तो स्वतःशीच हसला. निर्मळच्या जत्रेत नरहरीभाऊंच्या वडिलांनी मला विकत घेतलं. पुढे नरहरीभाऊंचं लग्न झालं, सुशीलाबाई घरात आल्या आणि त्यांनी मला नवऱ्याचं ताट म्हणून बाजूला काढलं. त्या दिवसापासून नरहरीभाऊ असेपर्यंत मी दुसऱ्या कुणापुढे गेलं नाही.

काय तो थाट होता माझा! तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, थंडीत कंद-भाज्यांची उकडहंडी, आणि सगळ्यावर वाडीतल्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी. नरहरीभाऊ जेवायला बसले की पाहुणे हात थांबवून बघत राहायचे. "जेवावं तर नरहरीने," असं म्हणायचे, आणि मी उगाचच चमकायचं. अंगाने भरलेला माणूस म्हणजे भरलेलं घर, असंच तेव्हा सगळ्यांना वाटे. पुढे नरहरीभाऊंना साखरेचा आजार जडला, अंगणाच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली, घास आणि श्वास एकाच वेळी आत जाईनासे झाले. पण ताट भरलेलंच राहिलं.

एके दुपारी ते जेवता जेवता थांबले. घास घेतलेला हात माझ्या कडेवर टेकला आणि पुन्हा वर गेलाच नाही. माणसं धावली, रडारड झाली, त्यांना उचलून नेलं. मी मात्र अर्धं भरलेलं तसंच पडून होतं. त्या हाताचा भार, मित्रांनो, माझ्या कडेवरून आजतागायत उतरलेला नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. घरच्यांनी हात जोडले, नाही नाही ती वचनं दिली. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावून नेली. पण सुशीलाबाईंच्या मनाने घेतलं ते घेतलंच. माझा माणूस भरल्या ताटावरून उठला, भुकेला गेला, असं त्या म्हणत राहिल्या.

सगळे विधी उरकल्यावर त्यांनी मला घासून लखलखीत केलं, नेहमीसारखं शिगोशीग वाढलं आणि निमिषपुढे ठेवलं. निमिष त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा शाळेत जाणारा, काटकुळा. त्याची स्वतःची छोटी स्टीलची थाळी होती, मागे नाव कोरलेली. ती फळीवर गेली.

"आई, एवढं नको," म्हणत त्याने माझ्यावर हात आडवा धरला.

सुशीलाबाईंनी तो हात हळूच बाजूला केला. "खा रे राजा. तू जेवलास की त्यांना पोचतं. तू ‘नाही’ बोललास तर ते उपाशी राहतील."

यावर कुठलं पोर काय बोलणार? त्याने डोळे पुसले आणि सगळं संपवलं. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आणि पुढे वर्षानुवर्षं. पहिला वाढा त्याचा असायचा, दुसरा "बाबांच्या नावाचा". त्यात माया होती, खोटं कशाला बोलू? ओतप्रोत माया होती. मला मात्र भीती वाटू लागली.

कारण वरून वाकणारा चेहरा बदलत चालला होता. गाल तसेच भरले, मान तशीच नाहीशी झाली. घासागणिक तीच धाप, कपाळावर तोच घाम. कधी कधी निमिष जेवताना हात माझ्या कडेवर टेकवायचा, नेमका त्याच जागी, आणि मला कळेनासं व्हायचं की हे कोण जेवतंय. सुशीलाबाई कौतुकाने म्हणायच्या, "अगदी ह्यांच्यासारखा दिसायला लागलाय." ते ऐकून माझं कासं गार पडायचं.

निमिष शिक्षक झाला, दिशाशी लग्न झालं, रिद्धी झाली. शाळेने त्याला तळमजल्यावरचेच वर्ग दिले, कारण जिना चढून वर गेला की त्याला शिकवायला आवाजच फुटत नसे. झोपेत त्याचा श्वास अडकायचा आणि दिशा त्याला हलवून जागं करायची. साखर आणि रक्तदाब गोळ्यांना दाद देत नव्हते. त्याने काही केलं नाही असं मुळीच समजू नका. पहाटे चालला, भात सोडला, डॉक्टरांनी लिहून दिलेला आहार महिनोन्‌महिने पाळला. वजन उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. लोक म्हणायचे, जिभेवर ताबा नाही. डॉक्टर म्हणाले, तसं नाही, एकदा वाढलेलं वजन शरीर हट्टाने धरून ठेवतं. त्यांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं आणि घरात भडका उडाला.

"चांगलं धडधाकट पोट कापायचं? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!" सुशीलाबाईंनी निक्षून सांगितलं.

तेव्हा दिशाने नॅन्सीला बोलावलं. नॅन्सी जवळच्याच नंदाखाल गावची, दिशाची शाळेतली मैत्रीण, आणि निमिषच्या डॉक्टरांच्याच इस्पितळात आहाराचा सल्ला देणारी. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती आली. मी तेव्हा धुऊन टेबलावर पालथं घातलेलं होतं. दिसत काही नव्हतं, पण शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता.

"मावशी, पोटावरची चरबी काढायचं हे ऑपरेशन नाही," ती म्हणाली. "आत अन्नाची पिशवी असते ना, जठर, तिचा बराचसा भाग काढून टाकतात. पोट उघडं नाही करत, लहान छिद्रांतून करतात. उरते ती पिशवी एवढी, ह्या केळ्याएवढी." टोपलीतून तिने केळं उचललं असावं, कारण टोपली कुरकुरली.

"केळ्याएवढ्या पोटावर माणूस जगतो होय गो?"

"जगतो ना. थोडक्यात पोट भरतं आणि भूक लावणारा जो रस अंगात तयार होतो, तो पण कमी होतो. आतड्याची वाट बदलायचं दुसरं ऑपरेशन पण असतं. कुणाला कुठलं, ते तपासून डॉक्टर ठरवतात."

"मग आमच्या शेजारच्या सलोनीला पण सांग की. तिचं पण पोट सुटलंय."

नॅन्सी हसली. "नाही हो मावशी! थोडं पोट सुटलंय, लग्नात बारीक दिसायचंय, त्यासाठी नाही हे. उंचीच्या मानाने वजन खूपच वाढलंय, त्यात साखर, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, आणि आहार-व्यायाम मनापासून करून पण फरक पडत नाही, अशांसाठी. त्यांची पण आधी सगळी तपासणी होते, मनाची पण. धोका आहेच. रक्तस्राव होऊ शकतो, टाक्यातून गळती होऊ शकते. आणि ही जादू नाही. जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या, तपासण्या, लहान घास, चावून चावून. नाही पाळलं तर वजन परत येतं. पण नाही केलं तर काय होईल, ते तुम्ही ह्या घरात बघितलंय."

मग नॅन्सी म्हणाली, "हा जेवतो कशात, ते दाखवा जरा."

दिशाने मला सुलटं करून तिच्यापुढे सरकवलं. नॅन्सीने दोन्ही हातांनी उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "बापरे. कुणाचं हे?"

"ह्यांचं," सुशीलाबाई म्हणाल्या.

"आणि निमिषचं कुठे आहे?"

साधा प्रश्न होता. निमिष खाली मान घालून बसला होता आणि त्याचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मला नरहरीभाऊंचा वाटला नाही. तो त्याच काटकुळ्या पोराचा होता. मग त्याने सावकाश सांगितलं, "आई, मला ऑपरेशन करायचंय. मला बाबांसारखं जायचं नाही."

सुशीलाबाईंनी होकार दिला नाही, पण आडकाठीही केली नाही. शस्त्रक्रिया झाली. निमिष घरी आला तो वाकून, पोटाला हात धरून. आधी नुसतं पातळ, मग मऊ, मग दोन-चार चमचे डाळ नि अंडं. एकदा घाईने घास गिळला आणि सगळं उलटलं. केस गळाले. "उगाच केलं का गं हे?" असं तो दिशाला कळवळून विचारायचा. पण हळूहळू साखर उतरली, झोपेतला श्वास मोकळा झाला. दिशाने फळीवरून ती छोटी थाळी शोधून काढली. ती मापाला पुरून उरत होती.

आणि मी? मी रोज भरलं जात होतं. सुशीलाबाई मला शिगोशीग वाढून कोपऱ्यात झाकून ठेवायच्या. त्यांना राहवायचं नाही. भरलेल्या अन्नाखाली, झाकणाच्या अंधारात, कडेवरचा तो हात मला जास्तच जड लागायचा. जणू मालक विचारत होते, आता माझ्या वाट्याचं कोण खाणार?

एके दुपारी त्याचं उत्तर मिळालं. सुशीलाबाईंनी मला उचललं आणि रिद्धीपुढे ठेवलं.

"खा गो बाय. तू खाल्लंस की आजोबांना पोचतं."

वरून एक कोवळा चेहरा वाकला. मित्रांनो, काशाला ओरडता आलं असतं तर मी त्या दिवशी तडकेपर्यंत ओरडलं असतं. तेवढ्यात एक हात माझ्यावर आडवा आला. निमिषचा. कातडी सैल पडलेला, पण घट्ट धरलेला.

"नको आई."

सुशीलाबाईंनी सवयीने तो हात बाजूला करायला बोटं पुढे केली. या वेळी हात हलला नाही.

"मी लहान होतो, तेव्हा ‘नाही’ बोलायला जमलं नाही मला," तो म्हणाला. "बाबा भुकेले नाही गेले, आई. आजाराने गेले. रिद्धी तिच्या भुकेपुरतं खाईल."

सुशीलाबाई त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. मग तिथेच खाली बसल्या आणि नवरा गेला तेव्हाही रडल्या नसतील इतक्या मोठ्याने रडल्या.

सर्वपित्रीला त्यांनी सगळं नरहरीभाऊंच्या आवडीचं रांधलं. मला वाढलं, उचललं आणि घराबाहेर नेलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच आभाळ पाहिलं, केळीच्या पानांच्या फटींतून. त्यांनी मला विहिरीच्या कठड्यावर ठेवलं, पदराने माझी कड पुसली, आणि समोर कुणी बसलेलं असावं तसं बोलल्या.

"हे तुमचं. तुम्ही जेवा. माझं पोर त्याचं त्याचं जेवेल."

कावळा येतो की नाही हे बघायला त्या थांबल्या नाहीत. आतून रिद्धीने हाक मारली आणि त्या गेल्या.

मित्रांनो, मी आता फळीवर असतं आणि वर्षातून एकदाच खाली उतरतं. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी ताटावर हात आडवा धरला, तर तो बाजूला करू नका. आणि कुणाचं शरीर त्याच्या जिवावर उठलं असेल, तर त्याला हसू नका, डॉक्टरांकडे न्या. आम्हा ताटांना नाही म्हणता येत नाही. त्या दिवशी विहिरीवर सुशीलाबाईंनी पाठ फिरवली, तेव्हा माझ्या कडेवरचा हात क्षणभर हलका झाल्यासारखा वाटला. नंतर पाहिलं, तर तो अजून तिथेच होता. फक्त आता तो जेवत होता.