सियाची गोष्ट

लेस्टरच्या एका प्रायमरी शाळेत सुनेत्रा वाचनात मागे पडलेल्या मुलांना शिकवायची. तिचे तास ज्या कायद्याच्या जोरावर चालत, त्याची मुदत उन्हाळ्यात संपत होती. तो पुढे चालू ठेवायचा की नाही, यावर खासदारांच्या एका समितीने शिक्षकांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं, आणि सुनेत्राला लंडनला बोलावणं आलं.

आकडे तिने पाठ केले होते. पण समोरचे खासदार फोनमध्ये डोकं घालून बसलेले पाहून तिचा धीर सुटला आणि तोंडून सियाची गोष्ट निघाली. सिया दहा वर्षांची, तिच्याच तासाला येणारी. तिची आई रेखा सुनेत्राच्याच मराठी मंडळातली. रेखानेच एकदा चहा घेताना डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, की रेस्टॉरंटमध्ये गेलं की सिया मेन्यू उघडते, बघते आणि दर वेळी म्हणते, "सेम अ‍ॅज मम." वाचता येत नाही, हे धाकट्या भावाला कळू नये म्हणून.

सुनेत्राने नाव घेतलं नाही. पण मुलगी मराठी आहे, वडील हॉस्पिटलात नर्स आहेत, एवढं बोलून गेली. सगळ्या माना वर झाल्या. आपला आवाज दाटून आलाय हे तिला जाणवलं, आणि तो वेळेवर दाटला याचं बरंही वाटलं.

समितीसमोरच्या तिच्या बोलण्यातल्या तेवढ्याच भागाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. कायद्याला मुदतवाढ मिळाली, तेव्हा स्टाफरूममध्ये केक आला. त्याच दुपारी जेवणाच्या रांगेत कुणीतरी सियाला मागून विचारलं, "सेम अ‍ॅज मम?" अख्खी रांग हसली. सिया ट्रे तिथेच टाकून टॉयलेटमध्ये जाऊन बसली. मनीषा नावाच्या दुसऱ्या शिक्षिकेने हे येऊन सांगितलं, तेव्हा सुनेत्राच्या तोंडात केकचा घास होता.

संध्याकाळी ती रेखाकडे गेली. माफी मागायला म्हणून गेली आणि बोलली भलतंच, की त्या व्हिडिओमुळे कितीतरी मुलांचं भलं झालं. बोलताक्षणी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रेखा म्हणाली, "ताई, विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. सियालाही समजावलं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत."

जिन्यावर बसून सिया ऐकत होती. सुनेत्राने तिची माफी मागितली.

"इट्स ओके, मिस," सिया म्हणाली. मग अडखळत, "पण माझा रीडिंग मी मनीषा मिसकडे करणार. चालेल?"

"चालेल," सुनेत्रा म्हणाली.

दिवाळीला मंडळाने सुनेत्राचा सत्कार ठरवला. तिने नको म्हटलं. मंडळाचे अध्यक्ष स्वानंद कारण विचारत राहिले. कारण सांगायचं तर सियाची गोष्ट पुन्हा सांगावी लागली असती, म्हणून ती गप्प राहिली. शेवटी स्वानंदनी स्टेजवरून जाहीर केलं, की सुनेत्राताईंना प्रसिद्धीचा मुळीच सोस नाही. हॉलभर टाळ्या पडल्या. दोन ओळी पुढे रेखा बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि सुनेत्राला मान वर करता आली नाही.