टीगभाऊजींचे हजार चंद्र

२०२३ साली आमच्याकडे ह्यांचं, म्हणजे अण्णासाहेबांचं, सहस्रचंद्रदर्शन झालं. माणसाने ऐंशी ओलांडली, हजार पौर्णिमा पाहिल्या, म्हणून करतात तो सोहळा. आमच्या मुलाने, धनंजयने, तो अबू धाबीत, अल रीम आयलंडवरच्या त्याच्या घरी घातला आणि त्यात मला एका अमेरिकन नटाला ओवाळावं लागलं.

त्याचं नाव हार्लन टीग. मी टीगभाऊजी म्हणते, कारण सख्ख्या दिरांचीही मला एवढी माहिती नाही. शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणी इतर नायकांच्या वतीने घोड्यावरून पडायचा. मग दोन सिनेमांत स्वतः नायक, मग दारू, तीन बायका, आणि म्हातारपणी न्यायाधीश नाहीतर आजोबांची कामं. ह्यांनी त्याचे सिनेमे तिथल्याच रुवैसच्या तेल कारखान्यात, कामगारांच्या कॅम्पात पाहिले. ह्यांचं काम उंच पाइपांवर वेल्डिंगचं. पडून उठणारा माणूस ह्यांना भावला. आमच्या लग्नाची तारीख विसरतात, त्याच्या तिसऱ्या लग्नाची नाही.

तर हट्ट असा की टीगने शुभेच्छा द्यायच्या. नट हल्ली चाहत्यांसाठी मोबाइलवर बोलून पाठवतात म्हणे. नात समिधाने इंग्रजीत मजकूर लिहून पाठवला. संध्याकाळी पाहुण्यांसमोर निरोप लावला. तुम्ही हजार चंद्र पाहिलेत असं कळलं, असं म्हणून तो गोड हसला आणि म्हणाला, दुर्बीण जपा.

समिधाने शब्दाला शब्द लावला होता.

पाहुणे हसले. हे पाटावरून उठून गॅलरीत गेले. त्याला माझं वयच कळलं नाही, आम्ही एकाच साली जन्मलेले, हेच पुन्हापुन्हा. धनंजय म्हणाला, "बाबा, खलास आता. गुरुजींना दुसरीकडे जायचंय." समिधा म्हणाली, "आजोबा, इट्स सो क्यूट." एसीने निरांजनातलं तूप थिजायला लागलं. माझं डोकं फिरलं.

समिधाला बसवून मी लिहायला सांगितलं: दुर्बिणीचा काही संबंध नाही. ऐंशी वर्षं जगलं की एवढे चंद्र होतातच, तुमचेही झाले असतील. आमचे हे रुसून बसलेत, जेवणं खोळंबलीत, लवकर बोला.

तिकडे सकाळ होती. थोड्या वेळाने उत्तर आलं. या वेळी तो हसला नाही. स्वयंपाकघरात बनियनवर बसला होता. समिधाने मराठीत सांगितलं, "आजी, ते म्हणतायत, मॅडम, मी मोजले. माझेही झाले. मला कोणी सांगितलंच नाही."

हे गॅलरीच्या दारात उभे राहून ऐकत होते. आत येऊन बसले आणि मला म्हणाले, "शेजारी अजून एक पाट मांड. त्याला तिकडे कोण ओवाळणार?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मी पाटावर समिधाचा मोबाइल ठेवला, त्याच्या काचेवर कुंकू लावलं. ती "आजी, माय स्क्रीन!" करत राहिली. मी दोघांना ओवाळलं. धनंजयने त्याचा व्हिडिओ काढून तिकडे पाठवला.

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी हार्लन टीग आपल्या घरी वारले.