रेनातोला दिलेला काढा

रशीदनं थर्मास उलटा केला, झटकला. थेंबसुद्धा पडला नाही.

"या अल्ला!" म्हणजे रेनातोनं सगळा काढा संपवला होता.

पाहुणा सर्दीनं बेजार असला की काढा द्यायचा, आणि काढ्याला जोर यावा म्हणून सर्दीच्या दोन गोळ्या कुटून टाकायच्या, ही त्यांच्या रत्नागिरीच्या घरची रीत. सकाळी मस्कतमधल्या अल मवालेह भागातल्या खोलीत त्याच्या बायकोनं, वजीरानं, तेच केलं होतं. आणि सायकल संघाची गाडी चालवणाऱ्या रशीदनं मोठ्या मायेनं तो काढा रेनातोच्या हाती ठेवला होता.

रेनातो इटलीचा. बारा वर्षं गोल ट्रॅकवर एकट्यानं घड्याळाशी झुंजलेला. एक किलोमीटर, एक मिनिट, बस्स! आज मस्कतच्या रस्त्यावरची घड्याळाची शर्यतही त्यानं मारली, तेव्हा मॅनेजर हसत म्हणाला होता, "आता उत्तेजकांसाठी लघवीची तपासणी. मागं आमचा एक गडी सर्दीच्या गोळीपायी बंदी येऊन दोन वर्षं घरी बसला."

यात हसण्यासारखं काय होतं? गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? पण त्या बिचाऱ्याची बारा वर्षं मातीत! आणि बोललं तर नोकरी खलास, व्हिसा खलास. तरी रशीद तपासणीच्या तंबूकडे चालत गेला.

रेनातो बाहेर नाक पुसत बसला होता. रशीदनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत एका दमात सांगून टाकलं.

"सर, काढ्यात गोळ्या होत्या. सर्दीच्या. चूक माझी. आत मी सांगतो, तुम्ही नका बोलू."

रेनातोनं रशीदचा हात धरला.

"मी प्यायलोच नाही. वाळूत ओतला."

"ओतला?"

"बारा वर्षं कोणाच्या हातचं औषध घेतलं नाही. आईच्यासुद्धा नाही. तुला वाईट वाटू नये, म्हणून थर्मास रिकामा करून दिला."

रशीद मटकन खालीच बसला. "अल्हम्दुलिल्ला," तो पुटपुटत राहिला. डोळे घळाघळा वाहायला लागले, आणि तेवढ्यात फोन वाजला. वजीरा होती.

"प्यायलान का त्यानं काढा? बरं वाटलं ना?"

रशीदनं रेनातोकडं पाहिलं, बाहीनं नाक पुसलं.

"सगळा प्यायला. शर्यतपण जिंकला."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" वजीराला आनंद मावेना. "त्याच्या आईला कळवायला सांगा त्याला. म्हणावं, पोराची काळजी करू नको, इथं मी आहे."