सत्तावीस फेब्रुवारीची नोंद

मित्रांनो, मी एक जुना ब्लॉग आहे, आणि मी माफ करत नाही.

शाळा मोबाइलवर भरत होती त्या वर्षी माझा जन्म झाला. पालीजवळच्या एका शाळेतल्या प्रमोद सरांनी मला आठवीच्या वर्गासाठी तयार केलं. मुलांनी गावातले शब्द गोळा करायचे, माझ्यावर लिहायचे आणि एकमेकांचं लिखाण सुधारायचं, असं ठरलं. तेव्हा सर चांगले होते, हे मी नाकारत नाही.

गावात रेंज नव्हती. ती फक्त वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर मिळायची. म्हणून दर शनिवारी मनस्वी नावाची मुलगी सगळ्यांच्या वह्यांची पानं घेऊन वर चढायची. आठवड्याच्या नोंदी एकदम टाइप करायची, प्रत्येकीखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायची आणि कोणती कधी दिसावी याची तारीख लावून ठेवायची. मी सांगितल्या वेळी ती उघडायचो. माझं काम एवढंच, पण मला त्याचा अभिमान होता.

मराठी भाषा दिनासाठी तिने एक खास नोंद लिहिली. मोबाइलची बॅटरी संपत आली होती. घाईत तारीख आणि अकराची वेळ बरोबर पडली, वर्ष मात्र पुढचं पडलं. मला दिसत होतं, पण मला बोलता येत नाही.

सत्तावीस फेब्रुवारीला ती सड्यावर ऊन डोक्यावर घेऊन वाट बघत बसली.

"मनू, तुजा लेख दिसत नाय," तिच्या वर्गातला संदेश म्हणाला.

"सरांना आवडला नसेल," ती म्हणाली. सरांना विचारायचं धाडस तिला झालं नाही. त्यानंतर ती सड्यावर आली नाही.

शाळा पुन्हा भरली आणि मला सगळे विसरले. मग शिक्षकांसाठी स्पर्धा निघाली. सरांना माझी आठवण झाली. त्यांनी एकेचाळीस नोंदींखालची मुलांची नावं पुसली आणि वर स्वतःचं नाव टाकलं. मला संताप आला. पण रांगेत थांबलेली एक नोंद त्यांनी पाहिलीच नाही. तेव्हापासून मी दिवस मोजत राहिलो.

बक्षीस समारंभ रत्नागिरीत, सत्तावीस फेब्रुवारीलाच होता. मुलांना स्वागतगीतासाठी नेलं होतं. अकरा वाजता सर मला पडद्यावर दाखवत होते. पान अडकलं म्हणून त्यांनी ते पुन्हा उघडलं. मी उघडलो, मित्रांनो, अगदी वेळेवर.

'हे शब्द कोणी आणले', सगळ्यात वर आलं. 'गडगा: संदेशने, तो बाबांबरोबर दगड रचतो म्हणून. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट: आरोहीने. तरवा, म्हणजे भाताची रोपं, आणि व्हाळ, म्हणजे ओढा: माझ्या आजीने, गोदूबाईने. टाइप केलं मी, मनस्वीने. सरांनी आम्हाला ही जागा दिली, त्यांचे आभार.'

त्या शेवटच्या ओळीने सरांचा चेहरा उतरला. आभार नसते तर 'मुलीने रागाने लिहिलं' अशी सबब त्यांना सांगता आली असती.

"ही मनस्वी कोण?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"ती काय, मागं बसलीय," संदेश उभा राहून म्हणाला. "सर, आमची नावं कुटं गेली?"

बक्षीस थांबलं. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी सरांना एकेचाळीसही नोंदींखालची नावं स्वतःच्या हाताने परत लिहायला लावली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग माझा पासवर्ड बदलून मनस्वीकडे दिला गेला. घरी गोदूबाईने नातीकडून आपलं नाव तीनदा वाचून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या वर्गानेही मिळून काही लिहिलं असेल तर ते जपा, आणि लिहिणाऱ्यांची नावं त्याहून जास्त जपा. आमच्यासारख्यांना बोलता येत नाही, पण आम्ही विसरत नाही.

मनस्वी आता कॉलेजात आहे. दर वर्षी ती माझ्यात एक नोंद पुढच्या सत्तावीस फेब्रुवारीसाठी लावून ठेवते, आता मुद्दाम. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. सर मात्र रोज येऊन बघून जातात.